नवसात राहून गेलेला शब्द

आमच्या शाळेतल्या यादव ताजण्यांना मुलं ‘मामा’ म्हणायची आणि आम्ही शिक्षक नुसतं ‘ताजणे’ म्हणायचो. सैन्यात ते शिपाई होते, आमच्या शाळेतही शिपाईच. मराठीत दोन्ही कामांना एकच शब्द आहे, हे मला इतकी वर्षं मराठी शिकवूनही कधी खटकलं नव्हतं.

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले त्याला कारण माझा मुलगा, ओम. अठरा वर्षांचा आहे. उद्या सकाळी सहाच्या एसटीने तो पुण्याला आणि तिथून बेळगावला जाईल, मराठा पलटणीत. त्याची बॅग दाराशी भरून ठेवली आहे. त्याने जाऊ नये म्हणून मी ज्या एका माणसापुढे पदर पसरला, ते हे ताजणे.

नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या माळ्याच्या घरातले ते. वडील पुंजाराम लवकर वारले. आई नवसाबाई झेंडू आणि शेवंती लावायच्या आणि पहाटे पाटी डोक्यावर घेऊन फुलबाजारात यायच्या. एकोणिसाव्या वर्षी यादव घरी न सांगता देवळालीला भरतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि घेतलेही गेले. त्यांचा झेंडूचा मळा आता नाही. तिथे कॉलनी झाली आहे, आमचं घर त्याच कॉलनीत आहे. पावसाळ्यात अंगणाच्या कडेला अजून कुठून तरी एखादा झेंडू उगवतो. मी तो बरीच वर्षं तण म्हणून उपटत होते.

१९९१च्या जूनमध्ये ते शाळेत लागले. डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे पहिले दोन महिने आम्हाला कळलंसुद्धा नाही. चालताना थोडे झुकायचे इतकंच. एकदा स्टाफरूममधलं मोठं लाकडी टेबल सरकवताना त्याचा पाय त्यांच्या बुटावर आला. आम्ही दोघी-तिघी किंचाळलो. ते शांत.

“राहू द्या बाई. तो पाय सरकारी हाय.”

मग कळलं, की ते श्रीलंकेत होते, त्यांना सेना मेडल मिळालं आहे आणि पुण्याला लष्कराने पाय बसवून दिला आहे. सत्याऐंशी साली आपलं सैन्य तिथे शांतिसेना म्हणून गेलं आणि शांतता राखायच्या ऐवजी लढायची वेळ आली, एवढं मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. इतरांना तेवढंही नव्हतं. नाशिकमध्ये लंका म्हटलं की रामायणच. पंचवटीतून सीतेला पळवून नेलं ती लंका. तिथे आपल्याच गावचा कुणी बंदूक घेऊन जाऊन आलाय, हे कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही. मुलं तर मोकाटच.

“मामा, लंकेतून आले तर शेपूट कुठंय?”

“जळलं. त्याच्याबरोबर पाय बी जळला. पळा आता, घंटा झाली.”

ते हसत हसत सांगायचे, मुलंही हसत पळायची. आम्हीही हसायचो. शिपाई विनोदी आहे म्हणून शाळेचं वातावरण चांगलं राहतं, असं मुख्याध्यापक एकदा म्हणाले होते.

मग नव्व्याण्णव साल आलं. कारगिल झालं. टीव्हीवर रोज तिरंग्यातल्या पेट्या दिसायच्या. गल्लोगल्ली मिरवणुका निघाल्या. पंधरा ऑगस्टला शाळेत एका वीराचा सत्कार करायचा ठरलं. वीर कुठून आणायचा म्हणून चर्चा चालली होती, तेव्हा कुणी तरी म्हणालं, “अहो, आपले ताजणे आहेत की!” सगळ्यांना फार आनंद झाला. बाहेरून कुणाला बोलवायला नको.

फळा लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं आहे. रंगीत खडूंनी, कडेला तोरण काढून मी लिहिलं, ‘कारगिल वीर श्री. यादव ताजणे यांचे हार्दिक स्वागत’. आठ वर्षं त्या माणसाने माझ्या वर्गात सूचनांची वही आणून दिली होती. ते लंकेत होते, हे मला पक्कं माहीत होतं. पण हात लिहून गेला. त्या महिन्यात सैनिक म्हटलं की कारगिलच लिहायचं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

त्यांना शाल दिली, नारळ दिला. हार घातला तो त्यांच्याच घरचा होता. नेहमी त्यांच्याकडूनच यायचा, त्या दिवशीही सकाळी तेच घेऊन आले होते. पाहुणे म्हणून आलेले एक पुढारी बोलले. बर्फ, शिखर, रक्त सगळं आलं. मग दोन शब्द बोलायला ताजण्यांना उभं केलं. ते माईकपासून हातभर लांब उभे राहिले.

“मी कारगिलला नव्हतो,” ते म्हणाले. “मी श्रीलंकेत होतो. सत्याऐंशीला. एवढं दुरुस्त करून घ्या.”

मागून एक पोरगं ओरडलं, “मामा, मॅच कोण जिंकलं?”

सगळं मैदान हसलं. पाहुण्यांनी माईक ओढून घेतला. “श्रीलंका काय नि कारगिल काय, शेवटी सगळं देशापायीच ना!” टाळ्या पडल्या. ताजणे खाली उतरले. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी सवयीने त्यांच्याकडे पाहून बोटं हलवली, “ताजणे, चहा.” शाल खांद्यावर तशीच, गळ्यात हार, आणि दोन्ही हातांत चहाचा ट्रे घेऊन ते पाहुण्यांसमोर वाकले. पाहुण्यांनी त्यांच्याकडे न बघता कप उचलला.

ओम तेव्हा सातवीत होता, याच शाळेत. पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. तो हसला नाही. घरी आल्यावर त्याने मला विचारलं, “आई, फळा तू लिहिलेला ना?” मी हो म्हटलं. तो उठून पाणी प्यायला आत गेला. त्या वयाच्या मुलाने काहीतरी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. मधल्या सुट्टीत घंटेखालच्या स्टुलावर ते बसायचे.

“ताजणे, कालचं चुकलं माझं.”

“अक्षर छान होतं बाई.”

“खरंच सांगते. काय झालं होतं तिथे? मी कधी विचारलंच नाही.”

त्यांनी खिशातून तंबाखू काढली, मग मी समोर आहे म्हणून परत ठेवली आणि ते सांगू लागले. जाफनाजवळची वस्ती, अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची कुंपणं. वरून पाऊस. त्यांची तुकडी बोळात शिरली आणि समोरून गोळीबार सुरू झाला. पुढचे दोघं पडले, मागचे वळणावर अडकले. बोळ ओलांडून पडलेल्यांपर्यंत जायला वीस पावलं. ताजणे गेले, एकाला पाठीवर घेऊन आले. परत गेले, दुसऱ्याला ओढत आणला, त्याची मांडी फुटलेली. दोघंही जगले. एक सांगलीचा, त्याचं दर दिवाळीला पत्र येतं.

“आणि तिसऱ्यांदा?” मी विचारलं. पाहुण्यांनी भाषणात तिघांना वाचवलं म्हणून सांगितलं होतं.

“तिसऱ्यांदा माणूस नव्हता बाई. मशीनगन राहिली होती तिथं. ती त्यांच्या हाती लागली असती तर त्या बोळातून आमचा एक बी माघारी येता ना. साहेब म्हणाले, कोण जाईल? मला रस्ता माहीत झाला होता.” ते जरा हसले. “मशीनगन घेतली अन् वळलो, तर पायाखाली सुरुंग. म्हंजी पाय गेला तो मशीनगनपायी. लोक म्हणतात देशापायी. म्हणू द्या.”

त्यांनी उठून घंटा दिली. सुट्टी संपली होती. मराठीबरोबर इतिहासही माझ्याकडेच होता, पुढचा तास त्याचा होता, पण माझ्याच्याने तेव्हा काही शिकवणं झालं नाही. मुलांना धडा वाचायला सांगून मी खिडकीशी उभी राहिले.

त्या दसऱ्याला मी झेंडू घ्यायला मुद्दाम त्यांच्या घरी गेले. मळ्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याचं घर उरलं होतं. सुवर्णावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंगणात हार ओवत होत्या. नवसाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. मी शाळेतली बाई आहे म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं, आणि कुणीही न विचारता सांगायला लागल्या. ते त्या सगळ्यांनाच सांगायच्या, असं नंतर कळलं.

यादव लंकेत आहे असं पत्र आलं, तेव्हा त्यांच्या गल्लीत रडारड झाली. बाया म्हणाल्या, लंकेत गेलेलं कोण परत आलंय? एक म्हणाली, सीता आली की. नवसाबाई दुसऱ्या दिवशी उठून वणीला गेल्या आणि सप्तशृंगीपुढे नवस बोलल्या, ‘माझा यादव जित्ता घरी येऊ दे, त्याला पायी गड चढवून तुझ्या दर्शनाला आणीन.’

“आन् मग आला,” त्या म्हणाल्या. “जित्ता आला. देवीनं पाळलं.”

पण गड पायी चढायचा होता. पाचशेच्या वर पायऱ्या. यादव आधी नाही म्हणाले, मग टाळत राहिले. घरात काही बिघडलं, सुवर्णावहिनींचं पहिलं मूल राहिलं नाही, शेवंतीला रोग पडला, की नवसाबाई म्हणायच्या, नवस अडकलाय. शेवटी त्र्याण्णवच्या चैत्रात ते दोघं गेले. यादव सरकारी पायाने चढले. वाटेत डोलीवाले मागे लागले, “दादा, बसा की, असं कशाला?” तर म्हणाले, “नवस पायी हाय.” आई मागून येत होती आणि प्रत्येक पायरीला हात लावून कपाळाला लावत होती. वर पोचेपर्यंत पायाच्या खोळीत रक्त उतरलं होतं. देवळाशी बूट काढायची वेळ आली. बूट काढला तर तो पाय डुगडुगायला लागतो. मग त्यांनी पायच काढला, फुलवाल्या बाईपाशी चपलांच्या ढिगात ठेवला, आणि आईच्या खांद्यावर हात टाकून लंगडी घालत आत गेले.

“माझंच चुकलं ना,” नवसाबाई म्हणाल्या. “म्या ‘जित्ता’ म्हनले. ‘धड’ म्हनायचं राह्यलं. एक शबूद. देवी लय इमानी, बोललं तेवढंच देती.”

मी एम. ए. झालेली. मला वाटलं, किती अज्ञान. बिचारी म्हातारी सुरुंगाचा दोष आपल्या बोलण्याला लावतेय. मी त्यांची समजूत घालायला काहीबाही बोलले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच लहान आहे. झेंडूचे पैसे घेतले नाहीत.

मग सगळं होतं तसंच चालू राहिलं. फक्त त्या पंधरा ऑगस्टनंतर मुलं शेपटाचा विनोद करायची तेव्हा ताजणे उत्तर देत नसत. घंटा द्यायचे आणि निघून जायचे. मुख्याध्यापक म्हणाले, ताजणे हल्ली चिडचिडे झालेत.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर ओमने जाहीर केलं, की तो भरतीला जाणार. जेवताना, वाटीत आमटी घेता घेता. मी म्हटलं, “बारावी सायन्स केलंस ते कशाला?” तर म्हणाला, “तुम्ही सांगितलं म्हणून.” त्याचे बाबा, सुनील, ओझरच्या कारखान्यात आहेत. मला वाटलं ते माझ्या बाजूने बोलतील. तर ते हसले. “मी जन्मभर विमानं बांधतोय. ती काय नुसती ऊन खायला? कुणीतरी लढणारं लागतंच की.”

“कुणीतरी म्हणजे माझंच का?”

“सगळ्यांच्या आया हेच म्हणतात.”

“मग सगळ्या बरोबर आहेत.”

मी विचार करत राहिले आणि मला ताजणे आठवले. त्यांनी ओमला पाय दाखवावा. तो बोळ, ती मशीनगन, तो चहाचा ट्रे, सगळं सांगावं. ओम त्यांना मानतो. माझं ऐकणार नाही, त्यांचं ऐकेल. जानेवारीत एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं.

“यादवभाऊ, एक काम होतं.”

ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर्ग बंद करत होते. थांबले. “आज भाऊ झालो होय बाई?”

मला लाज वाटली, पण मी मागे हटले नाही. सगळं सांगितलं. शेवटी रडलेही. “त्याला खरं सांगा. एवढंच मागते. खोटं काही नको. फक्त खरं.”

“खरं सांगू?”

“हो. सगळं.”

“बरं,” ते म्हणाले. “पाठवा त्याला.”

त्या संध्याकाळी ओम त्यांच्याकडे गेला आणि दोन तासांनी परत आला. जेवला नाही. मला हायसं वाटलं. भरतीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून सीईटीच्या क्लासला जायला लागला. मी अंधारात उठून त्याला दूध गरम करून द्यायचे. सुनीलना मी म्हणाले, “बघितलंत? खरं ऐकल्यावर मुलं शहाणी होतात.”

जूनमध्ये भरती झाली. तो गेल्याचं मला तो परत आल्यावर कळलं. सोळाशे मीटर पाच मिनिटं बावीस सेकंदांत. निवड झाली होती. मी विचारलं, एवढं पळायला कधी शिकलास?

“मामांनी शिकवलं. शाळेच्या मैदानात. रोज पहाटे. ते घड्याळ लावून बसायचे.”

“आणि सीईटीचा क्लास?”

त्याने मान खाली घातली.

मी तशीच, घरच्या चपलांवर, पत्र्याच्या घरी गेले. ताजणे अंगणात पाय काढून बसले होते. गुडघ्याखालचा भाग उघडा, त्यावर खोबरेल तेल चोळत. मी तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी पंचा ओढून झाकला नाही.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?” मी ओरडले. “तुम्ही माझा विश्वासघात केलात.”

“तुम्ही म्हणलात खरं सांगा. सांगितलं. पाय दाखवला. हात लावू दिला. बोळ सांगितला. इस्पितळातले सात महिने सांगितले, झोपेत अजून गेलेला अंगठा खाजतो ते बी सांगितलं. सगळं ऐकलं पोरानं.” ते थांबले. “मग त्यानं विचारलं, मामा, आज परत तसं झालं तर जाल का?”

“आणि तुम्ही?”

“जाईन म्हणालो.”

“का? का म्हणालात असं?”

“खरंच सांगायचं होतं ना, बाई.” त्यांचा आवाज चढला नाही. मला तोच सहन झाला नाही. “तिथं साहेबानं विचारलं कोण जाईल, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला रस्ता माहीत होता म्हणून. इथं चौदा वर्षं झाली. तिथून मी दोन माणसं आणली. इथं मी चहा आणतो.”

सुवर्णावहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“अन् पोरगं पळतं चांगलं,” ते हळूच म्हणाले. “डावा पाय लय छान टाकतं. मला बघावंसं वाटायचं. तेवढी चूक माझी. ती कबूल.”

मी परत फिरले तेव्हा ओट्यावरून नवसाबाईंनी हाक मारली. आता त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. “पोरी, रागवून काय व्हनार? जानार तो जानारच. तू नवस बोल. पर नीट बोल.”

त्या दिवशी मी तशीच घरी निघून आले.

आज, बॅग भरून झाल्यावर, मी वही काढली. मी, एम. ए. बी. एड., मुलांच्या निबंधातल्या अंधश्रद्धेवर लाल शाई वापरणारी. ‘जिवंत’ लिहिलं. त्यापुढे ‘धडधाकट’ लिहिलं. तरी भीती वाटली म्हणून दोन्ही पाय, दोन्ही हात, दोन्ही डोळे असं वेगवेगळं लिहिलं. गड पायी कोण चढणार, तिथे ‘मी’ लिहिलं. त्याला त्यात ओढायचं नाही.

मग थांबले. नवसाबाईंचा एक शब्द राहिला असं त्या म्हणतात. पण ‘धड’ म्हटलं असतं आणि यादव दोन पायांनी आले असते, तरी आमच्या शाळेत ते शिपाईच झाले असते. फळ्यावर मी कारगिलच लिहिलं असतं. पाय एका क्षणात गेला. बाकीचं आम्ही घेतलं, रोज थोडं थोडं, हसत हसत, चौदा वर्षं. ओम परत येईल तेव्हा त्याच्या बाबतीत कुणी तसं करू नये, यासाठी देवीला काय म्हणायचं? तो शब्द मला सुचत नाही. ते देवीकडे मागायचंच नाही बहुतेक. पण मग कुणाकडे मागायचं, तेही कळत नाही. तेवढी ओळ कोरी ठेवली आहे.

ओमने सकाळी स्टँडवर मामांना बोलावलं आहे. ते येणार आहेत. मी थर्मासमध्ये चहा नेणार आहे आणि पहिला कप त्यांना स्वतःच्या हाताने देणार आहे. त्याने काही फिटत नाही, माहीत आहे मला. आत्ता स्वयंपाकघरात जाऊन डबे काढून ठेवले, आणि साखरेच्या डब्यापाशी नुसती उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा चहा मी किती प्यायले, पण त्यांना साखर किती लागते, ते मला माहीत नाही.